प्राध्यापकाचे काम कोणते? गीसेनच्या प्रयोगशाळेची गोष्ट

विद्यापीठातील प्राध्यापकाचे काम कोणते, असे विचारले तर बहुतेक जण तीन कामे सांगतील : तो शिकवतो, परीक्षा घेतो आणि संशोधन करतो. ही तीन कामे एकाच माणसाकडे असणे आपल्याला इतके स्वाभाविक वाटते, की ती पहिल्यापासून एकत्रच असावीत अशी आपली समजूत होते. प्रत्यक्षात तसे नाही. युरोपातील सर्वांत जुनी विद्यापीठे आठशे-नऊशे वर्षांची आहेत. पण संशोधन हे प्राध्यापकाचे कर्तव्य आहे, ही कल्पना सर्वमान्य होऊन जेमतेम दोनशे वर्षे झाली. विद्यार्थ्यालाही स्वतःच्या हातांनी संशोधन करायला शिकवणे हे प्राध्यापकाचे काम आहे, हे रसायनशास्त्रात सर्वांत ठळकपणे दिसले ते जर्मनीतील गीसेन या लहान गावात, लष्कराने सोडून दिलेल्या बराकीच्या पहारेकऱ्यांच्या चौकीत. ते तेथे कसे घडले, त्यासाठी काय मोजावे लागले आणि ते आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने आले, हे या लेखात पाहू.

पुस्तक वाचून दाखवणारा

'प्रोफेसर' हा शब्द लॅटिनमधून आला. चारचौघांसमोर उघडपणे काही सांगणारा, असा त्याचा मूळ अर्थ. 'लेक्चर' या शब्दाचा मूळ अर्थ तर 'वाचन' असाच आहे. मध्ययुगात पुस्तके हाताने लिहिलेली आणि अतिशय महाग असत. प्राध्यापक उंच आसनावर बसून अ‍ॅरिस्टॉटल किंवा गेलन यांचा मान्य ग्रंथ वाचून दाखवी, अवघड जागी स्पष्टीकरण देई आणि विद्यार्थी ते उतरवून घेत. त्याच्या जोडीला वादसभा असत. दिलेल्या विधानाच्या बाजूने आणि विरुद्ध बोलता आले की विद्यार्थी तयार झाला असे मानले जाई. ज्ञान ग्रंथात आहे, ते जसेच्या तसे पुढच्या पिढीच्या हाती देणे हे आपले काम आहे, अशी प्राध्यापकाची धारणा होती. छापखाना आल्यावर पुस्तके स्वस्त झाली, तरी ही पद्धत पुष्कळ काळ टिकून राहिली.

रसायनशास्त्राला तर विद्यापीठात स्वतंत्र स्थानही फारसे नव्हते. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना थोडेसे शिकवायचा तो एक पूरक विषय होता. प्राध्यापक मेजामागे उभा राहून एखादा प्रयोग करून दाखवी आणि विद्यार्थी बाकावरून पाहत. गॉटिंगेनमधील स्ट्रोमायरसारखा एखादा प्राध्यापक विद्यार्थ्यांकडून प्रयोग करवून घेई, पण तो अपवाद होता.

१८१० मध्ये बर्लिन येथे नवे विद्यापीठ स्थापन झाले. चार वर्षांपूर्वी नेपोलियनने प्रशियाचा दारुण पराभव केला होता आणि राज्याची घडी नव्याने बसवण्याचे प्रयत्न चालू होते. या विद्यापीठामागे विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट या भाषापंडिताचा विचार होता. शाळेत तयार झालेले ज्ञान शिकवायचे असते. विद्यापीठात मात्र ज्ञानाकडे अजून पूर्णपणे न सुटलेला प्रश्न म्हणून पाहिले पाहिजे, असे तो मानी. म्हणून विद्यापीठात शिक्षक विद्यार्थ्यासाठी नसतो. शिक्षक आणि विद्यार्थी दोघेही ज्ञानासाठी असतात, असा त्याचा आग्रह होता.

भाषा आणि इतिहास या विषयांत हे करणे तुलनेने सोपे होते. दहा-बारा विद्यार्थी एका टेबलाभोवती बसवून जुन्या ग्रंथावर स्वतंत्र निबंध लिहायला लावले की काम सुरू होई. रसायनशास्त्रात मात्र भट्ट्या, आम्ले, तराजू, काचसामान, धूर जाण्यासाठी धुरांडी आणि रोजचा खर्च यांची गरज होती. शिवाय नवशिक्या विद्यार्थ्याच्या हातून निघालेल्या आकड्यावर विश्वास कसा ठेवायचा, हा प्रश्न होताच.

सगळी शाळा ज्याला हसली

युस्टुस लीबिग याचा जन्म १८०३ मध्ये डार्मस्टाट येथे झाला. वडील औषधी द्रव्ये आणि रंगांचे व्यापारी होते. घरच्या दुकानातील पदार्थांवर प्रयोग करण्यातच या मुलाचे लक्ष असे; शाळेत त्याची प्रगती बेताचीच होती. तू पुढे काय होणार, असे मुख्याध्यापकांनी विचारले तेव्हा त्याने 'रसायनशास्त्रज्ञ' असे उत्तर दिले आणि सगळी शाळा हसली, असे त्याने आपल्या आठवणींत लिहिले आहे. या हसण्यात दुष्टपणा असेलच असे नाही. रसायनशास्त्र हा आयुष्यभर अभ्यास करण्याचा विषय असू शकतो, हेच कोणाला माहीत नव्हते.

पुढे तो बॉन आणि मग एर्लांगेन येथे कास्टनर या प्राध्यापकाकडे शिकला. खनिजांचे रासायनिक पृथक्करण शिकवण्याचे कास्टनरने कबूल केले होते. पण ते त्याला स्वतःलाच नीट येत नव्हते, अशी लीबिगची तक्रार होती. राज्याच्या ड्यूककडून शिष्यवृत्ती मिळवून तो पॅरिसला गेला. तेथे गे-ल्युसॅक या शास्त्रज्ञाने त्याला आपल्या खाजगी प्रयोगशाळेत बरोबरीने काम करू दिले. एकाच मेजावर, एकाच प्रश्नावर, गुरूच्या शेजारी उभे राहून केलेल्या त्या कामाने लीबिगला शिक्षणाचा खरा अर्थ सापडला. मात्र ती संधी एका वेळी एखाद्यालाच मिळणारी होती. ती अनेकांना कशी देता येईल, या प्रश्नाचे उत्तर तो पुढे अनेक वर्षे शोधत राहिला.

विल्हेल्मचा धाकटा भाऊ, प्रसिद्ध शास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट याच्या शिफारशीमुळे १८२४ मध्ये ड्यूकने लीबिगला गीसेन विद्यापीठात प्राध्यापक म्हणून नेमले. तेव्हा त्याचे वय २१ वर्षे होते. नेमणूक करताना विद्यापीठातील प्राध्यापकांना विचारलेही नव्हते, त्यामुळे त्याचे स्वागत थंडच झाले. औषधे बनवणाऱ्या तरुणांना प्रात्यक्षिकासह रसायनशास्त्र शिकवणारी एक संस्था विद्यापीठात काढावी, असा प्रस्ताव मांडला गेला. तेव्हा शासनाचे अधिकारी तयार करणे हे विद्यापीठाचे काम आहे, औषधवाले किंवा साबणवाले तयार करणे नव्हे, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. शेवटी लीबिग आणि त्याचे सहकारी यांनी ही संस्था खाजगी म्हणून सुरू केली. प्रयोगशाळेसाठी त्याला मिळाली ती बराकीची रिकामी चौकी.

पाच फुग्यांची नळी

सेंद्रिय पदार्थात कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन किती प्रमाणात आहेत, हे शोधणे हे त्या काळातील रसायनशास्त्रापुढचे मोठे काम होते. पदार्थ जाळून निघालेल्या वायूंचे आकारमान मोजण्याची रीत प्रचलित होती. ती किचकट होती आणि निष्णात हातालाच साधे. १८३१ मध्ये लीबिगने एक साधे उपकरण प्रसिद्ध केले : त्रिकोणात वाकवलेली आणि पाच फुगे असलेली एक काचेची नळी. तिच्यात दाहक पोटॅशचे द्रावण भरलेले असे.

त्याची रीत वर्गात फळ्यावर सहज समजावता येईल. पदार्थ कॉपर ऑक्साइडबरोबर तापवायचा. त्यातील हायड्रोजनचे पाणी होते; ते कॅल्शियम क्लोराइड भरलेल्या नळीत शोषले जाते. कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो. तो पाच फुग्यांच्या नळीतील द्रावणातून बुडबुड्यांनी जाताना शोषला जातो. प्रयोगापूर्वी आणि नंतर दोन्ही नळ्या वजन करून पाहायच्या, एवढेच. समजा, आपण ०.३४२ ग्रॅम साखर जाळली. दुसऱ्या नळीचे वजन ०.५२८ ग्रॅमने वाढेल. ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडमध्ये १२ ग्रॅम कार्बन असतो. म्हणून साखरेत ०.१४४ ग्रॅम, म्हणजे सुमारे ४२ टक्के कार्बन आहे.

या नळीचे शैक्षणिक महत्त्व तिच्या रासायनिक महत्त्वाइतकेच मोठे आहे. आकारमानाऐवजी वजन मोजायचे असल्याने सर्वसाधारण कौशल्याचा, पण काळजीपूर्वक काम करणारा विद्यार्थीही काही महिन्यांच्या सरावाने विश्वसनीय आकडा काढू शकू लागला. त्याने काढलेला आकडा जगाला नवा असे आणि तो छापण्याजोगा असे. अशा रीतीने विद्यार्थी बाकावरून उठून मेजापाशी आला. अमेरिकन रसायनशास्त्र संस्थेच्या बोधचिन्हात ही पाच फुग्यांची नळी आजही पाहायला मिळते.

सकाळची फेरी

लीबिगच्या प्रयोगशाळेतील दिनक्रम त्याच्या आणि विद्यार्थ्यांच्या लेखनातून आपल्याला कळतो. नव्या विद्यार्थ्याला प्रथम अक्षरांच्या खुणा केलेल्या बाटल्या मिळत. प्रत्येक बाटलीत काय आहे ते त्याने ओळखायचे. सोप्याकडून अवघडाकडे जात ही बाराखडी पुरी झाली, की मोजमापाचे पृथक्करण, नंतर एखादा पदार्थ तयार करणे आणि शेवटी स्वतःचा असा एक प्रश्न. नवशिक्यांची जबाबदारी मुख्यतः मदतनिसांकडे असे. प्रश्न हाती घेतलेल्या विद्यार्थ्यांकडे मात्र लीबिग स्वतः पाही.

रोज सकाळी प्रत्येक जण आदल्या दिवशी काय केले आणि आज काय करण्याचा विचार आहे, हे त्याला सांगे. लीबिग मान डोलवी किंवा शंका काढी. पण वाट विद्यार्थ्यानेच शोधायची असा नियम होता. एकमेकांचे अहवाल सर्वांच्या कानांवर पडत असल्याने प्रत्येक जण दुसऱ्याच्या प्रश्नातूनही शिकत असे.

या पद्धतीत प्राध्यापकाच्या कामाचा एक नवा भाग दिसतो. ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्यालाही माहीत नाही, तो विद्यार्थ्याच्या हाती द्यायचा. तो त्याच्या कुवतीत बसणारा असला पाहिजे, तसाच सोडवण्याच्या लायकीचाही असला पाहिजे. त्यासाठी विषयाची सीमा कोठे आहे हे प्राध्यापकाला स्वतः ठाऊक असावे लागते. म्हणजेच त्याने स्वतः संशोधन करत राहावे लागते. शिकवणे आणि संशोधन यांची सांगड हुम्बोल्टने विचाराच्या पातळीवर घातली होती. गीसेनमध्ये ती रोज सकाळच्या फेरीत प्रत्यक्ष दिसू लागली.

लीबिगने गीसेन सोडले तोपर्यंत सातशेहून अधिक विद्यार्थी तेथे शिकून गेले होते. १८३९ मध्ये प्रयोगशाळा वाढवण्यात आली. त्या बांधकामाच्या वास्तुविशारदाचा मुलगा ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन हा तेथेच रसायनशास्त्राकडे वळला. केकुले हा गीसेनला वास्तुशास्त्र शिकायला आला होता. लीबिगची व्याख्याने ऐकून त्याने विषय बदलला आणि पुढे त्याने बेंझिनच्या रेणूची वलयाकृती रचना मांडली.

जबाबदारीची दुसरी बाजू

हे सर्व सहज झाले असे समजण्याचे कारण नाही. कितीतरी वर्षे जागा, मदतनीस आणि पैसा यांसाठी लीबिग भांडत राहिला. प्रयोगशाळेचा बराच खर्च तो स्वतःच्या खिशातून करी. १८३३ मध्ये त्याने विद्यापीठाच्या वरिष्ठांना अतिशय कडक शब्दांत पत्र लिहिले. त्यानंतर परिस्थिती हळूहळू सुधारली. विद्यार्थ्याला हातांनी काम करू द्यायचे तर ते काम शक्य होईल अशी जागा मिळवणे हेही प्राध्यापकाचेच काम ठरते. ते कोणत्याही वेळापत्रकात दिसत नाही. अखेर लीबिग थकला. १८५२ मध्ये त्याने म्यूनिकचे बोलावणे स्वीकारले, ते प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना शिकवण्यातून मोकळीक मिळेल या अटीवर. ज्याने ही पद्धत उभारली, त्यालाच ती आयुष्यभर पेलली नाही.

दुसरी गोष्ट सत्तेची. लीबिग एका महत्त्वाच्या नियतकालिकाचा संपादक होता. किण्वन घडवणारे यीस्ट हे सजीव आहे, असे १८३० नंतरच्या दशकात श्वान आणि आणखी दोघांनी स्वतंत्रपणे दाखवले होते. लीबिगला ते पटले नाही. १८३९ मध्ये त्याच्या नियतकालिकात एक निनावी उपहासलेख आला. साखर खाणारे आणि मद्य बाहेर टाकणारे सूक्ष्म प्राणी आपण पाहिले, त्यांचा आकार ऊर्ध्वपातनाच्या भांड्यासारखा आहे, अशी त्यात थट्टा होती. तो लेख लीबिग आणि त्याचा मित्र व्होलर यांचाच होता. पुढे पाश्चरच्या प्रयोगांनी यीस्ट सजीव असल्याचे मान्य झाले. १८९७ मध्ये बुखनरने यीस्टच्या पेशींविना, त्यांच्या नुसत्या रसानेही किण्वन होते हे सिद्ध केले, तेव्हा त्यामागे रासायनिक क्रियाच आहे या लीबिगच्या म्हणण्यातही तथ्य होते असे दिसले. पण प्रश्न कोण बरोबर होते एवढाच नाही. निर्णय देण्याचे साधन ज्याच्या हाती आहे, त्याने विरोधी मताला प्रयोगाने उत्तर द्यायचे की हशाने, हा आहे. ज्या मुलाला सगळी शाळा हसली होती, त्यानेच पुढे हसण्याचे हत्यार वापरावे, ही गोष्ट शिक्षकाने विसरू नये अशी आहे.

आणखी एक उणीव त्या काळाची होती. त्या प्रयोगशाळेत विद्यार्थिनींना जागा नव्हती. जर्मन विद्यापीठांची दारे स्त्रियांना रीतसर खुली व्हायला विसावे शतक उजाडावे लागले.

परीक्षा आल्या, प्रयोगशाळा राहिली

गीसेनची पद्धत शिष्यांबरोबर पसरली. १८४५ मध्ये लंडनला रसायनशास्त्राचे रॉयल कॉलेज निघाले आणि हॉफमन त्याचा प्रमुख झाला. तेथेच शिकणाऱ्या विल्यम पर्किनला १८५६ मध्ये, वयाच्या १८ व्या वर्षी, पहिला मोठा यशस्वी कृत्रिम रंग सापडला. लायन प्लेफेअर हा लीबिगचा दुसरा शिष्य एडिंबरो विद्यापीठात प्राध्यापक झाला; १८६९ मध्ये त्याच्या जागी क्रम ब्राउन आला.

भारतात मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथील विद्यापीठे १८५७ साली स्थापन झाली. म्हणजे गीसेनचे नाव जगभर झाल्यानंतर. तरीही आपल्याकडे नमुना आला तो लंडन विद्यापीठाचा. विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची; शिकवायचे ते महाविद्यालयांनी. प्राध्यापकाच्या तीन कामांपैकी परीक्षा तेवढी विद्यापीठाकडे आली, अध्यापन बाहेर राहिले आणि संशोधनाला तर जागाच उरली नाही. विद्यापीठांना स्वतः प्राध्यापक नेमून शिकवण्याचा स्पष्ट अधिकार मिळाला तो १९०४ च्या कायद्याने.

मधल्या काळात ही उणीव काही व्यक्तींनी स्वतःच्या हिमतीवर भरून काढली. प्रफुल्लचंद्र राय हे त्यांपैकी एक. क्रम ब्राउन यांच्याकडे शिकून त्यांनी १८८७ मध्ये एडिंबरोची डॉक्टरेट मिळवली. १८८९ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ते दरमहा २५० रुपयांवर हंगामी साहाय्यक प्राध्यापक म्हणून रुजू झाले. वरची शैक्षणिक सेवा व्यवहारात इंग्रजांसाठीच राखलेली होती. याबद्दल त्यांनी तक्रार केली तेव्हा, तुम्हाला दुसरे व्यवसाय मोकळे आहेत, ही नोकरी घ्याच अशी सक्ती नाही, असे उत्तर मिळाले. राय यांनी नोकरी सोडली नाही. १८९४ मध्ये कॉलेजला नवी प्रयोगशाळा मिळाली आणि लवकरच मर्क्युरस नायट्राइटवरील त्यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. हळूहळू तेथे तरुण संशोधकांचा गट उभा राहिला. नीलरतन धर, ज्ञानचंद्र घोष, ज्ञानेंद्रनाथ मुखर्जी ही त्यांतील काही नावे. मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस हेही त्यांच्या वर्गात बसले होते.

शाळेतील शिक्षकांना आवडेल अशी एक गोष्ट म्हणजे, राय हे खालचे वर्ग मुद्दाम स्वतःकडे घेत. नुकत्याच आलेल्या मुलांचे मन कुंभाराच्या ओल्या मातीसारखे असते, असे त्यांचे मत होते. हाड जाळून उरलेली राख ते वर्गात चिमूटभर तोंडात टाकत. हाड कोणत्याही प्राण्याचे असो, जळल्यावर उरतो तो मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट, हे मुलांच्या मनावर एका क्षणात ठसत असे.

१९१६ मध्ये ते कलकत्ता विद्यापीठाच्या विज्ञान महाविद्यालयात रसायनशास्त्राचे पालित प्राध्यापक झाले. तारकनाथ पालित यांच्या देणगीतून आणि कुलगुरू आशुतोष मुखर्जी यांच्या धडपडीतून हे महाविद्यालय उभे राहिले होते. १९२१ मध्ये वयाची साठ वर्षे पूर्ण झाल्यावर राय यांनी पुढील पगार घेतला नाही. तो रसायनशास्त्र विभागाच्या कामासाठी विद्यापीठालाच दिला आणि १९३६ पर्यंत काम चालू ठेवले.

एक वाट आपल्या दारापर्यंत

गीसेनची आणखी एक वाट थेट महाराष्ट्रात येते. केकुलेच्या हाताखाली बायर तयार झाला. बायरकडे म्यूनिकला धाकटा पर्किन, म्हणजे रंग शोधणाऱ्या पर्किनचा मुलगा, काही वर्षे राहिला. मँचेस्टरमध्ये त्याच्या हाताखाली रॉबर्ट रॉबिन्सन घडला. रॉबिन्सनकडे के. वेंकटरामन शिकले. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग १९३३ मध्ये सुरू झाला होता. वेंकटरामन १९३४ मध्ये तेथे आले, १९३८ मध्ये त्याचे पहिले भारतीय संचालक झाले आणि १९५७ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचेही पहिले भारतीय संचालक झाले. लीबिगपासून त्यांच्यापर्यंत मोजली तर साखळीत अवघी सहा नावे येतात. या साखळीतील प्रत्येक दुवा कोठल्या तरी मेजापाशी, गुरूच्या शेजारी उभे राहून केलेल्या कामातून जोडला गेला.

आज प्राध्यापकाच्या कामाचा हिशेब ठेवण्याचे बरेच प्रयत्न होतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमावलीत अध्यापन, संशोधन आणि इतर कामांना गुण देण्याची पद्धत आणली आणि २०१८ मध्ये तीत बदल केले. तास मोजता येतात, निबंध मोजता येतात. रोज सकाळी विद्यार्थ्याजवळ थांबून 'काल काय झाले, आज काय करणार?' असे विचारण्याला मात्र गुण देणे अवघड आहे. गीसेनने जगाला जे दिले, त्यातील मोठा वाटा या न मोजता येणाऱ्या कामाचा होता.

हे काम विद्यापीठापुरते नाही. अक्षरांच्या खुणा केलेल्या पाच बाटल्या शाळेच्या प्रयोगशाळेतही ठेवता येतील. एकीत मिठाचे पाणी, एकीत खाण्याच्या सोड्याचे, एकीत चुन्याची निवळी, एकीत लिंबाचा रस, एकीत साधे पाणी. हळदीचा कागद, थोडा सोडा आणि पाणी आटवायला एक वाटी एवढे साहित्य द्यावे आणि चव न घेता बाटल्या ओळखायला सांगावे. उत्तर फळ्यावर लिहू नये. दुसऱ्या दिवशी प्रत्येक गटाने काय केले आणि तसे का ठरवले, ते सर्वांसमोर सांगू द्यावे. आणि एखाद्याचे उत्तर चुकले, तर कोणी हसणार नाही एवढे पाहावे.